मागचे पाय

भाच्यानं पायरिअस बंदरातून कार्ड धाडलंय.
पाठीवर तीन ओळी : जहाज दुरुस्तीला लागलंय,
जेवण बरं आहे,
मावशी, तुला दगड आवडतात म्हणून हे.
पुढच्या बाजूला एक जनावर.
चोच गरुडाची, छाती सिंहाची,
एक पंख पिसापिसानं मोजलेला,
दुसरा नुसता फुगवटा,
पोळीत कोंडलेल्या वाफेसारखा.
मागचे पाय अजून डोंगरातच आहेत.
अडीच हजार वर्षं
ते निघतंय.

चित्रकलेच्या तासाला वर्गात फिरवलं.
सातवीतला एक जण म्हणाला,
बाई, अर्धवट वहीला तुम्ही सही देत नाही,
ह्याला काचेत कसं ठेवलं?

शनिवारी शाळा सुटल्यावर
खानापुरात मलप्रभेच्या घाटाकडे उतरले,
भरमाण्णा पात्रोटाच्या छपरात.
पाटे, वरवंटे, दोन वृंदावनं, एक फणा काढलेला नाग
आणि सगळ्यांवर, भरमाण्णाच्या भुवयांवरही,
तीच एक पांढरी पूड.
त्यानं हात लुंगीला पुसले,
कार्ड लांब धरलं, उलटं धरलं,
उन्हात नेलं.

'डावखुरा होता,' म्हणाला.

'चर कुठनं कुठं गेल्यात बगा की.
आमचा थोरला काका असाच. त्याच्या शेजारी
कोण बसत नव्हतं, कपच्या डोळ्यात यायच्या.'

मी पापणी चोळली.

विचारलं, मध्येच मेला असेल? लढाई झाली असेल?
'मरतंय कशाला. हितं, मांडीपाशी, शीर हाय दगडात.
चांगला दगड घणघणतो बाई,
शिरंवर मारला की बद्द बोलतो.
त्यानं ऐकलं. खरं लगेच सोडलं नाही.
ही बारकी टोचं दिसतात?
आठ-दहा दिवस तिच्याभोवती फिरलाय गडी,
आजारी माणसाच्या खाटंभोवती फिरावं तसा.'

मग कार्ड बनियनीत खोचून म्हणाला, 'या, आमचं दावतो.'

छपरामागे फणसाखाली
कुशीवर पडलेलं एक धूड,
सिंहाचं तोंड, हत्तीची सोंड, आयाळीच्या दोनच बटा.
पुढे सगळा आडदांड काळा दगड.
पलीकडच्या एका गावच्या देवळानं सांगितलेलं.
पायथ्याला देणगीदारांची नावं
कुठल्या अक्षरांत कोरायची, ह्यावर
दोन बैठका, एक मारामारी, एक फौजदार,
आणि पैसे आटले.
'ह्या दगडात शीर नव्हती बाई,
शीर कमिटीत होती.'

आम्ही ह्याला व्याळ म्हणतो, मी म्हटलं, तुम्ही याळी.
'काय बी म्हणा.
अठरा वर्षं झाली, हाकंला उठत नाही.'

सोंडेला एक शेळी बांधलेली होती.
मी वाकून बघितलं :
डोळ्यांच्या जागी नुसते गुळगुळीत उंचवटे,
आठळीवरून सालपट काढावं तसे.
'डोळा शेवटाला,' भरमाण्णा म्हणाला,
'आधी उघडला तर ते आपल्याला बघत बसतंय,
हात हालतो.'
मी कार्ड मागून घेतलं.
तिथंही तसंच. चोचीवर कोरा उंचवटा.
म्हणजे त्याला ठाऊक नाही
ते कुठल्या देशात आहे,
काच आहे, दिवे आहेत, रांग आहे.
ह्यालाही ठाऊक नाही,
शेळी, फणस,
रस्त्याच्या फाट्यावर डांबर फासलेली पाटी.

शेळीनं दोर ताणला, पाल्याला तोंड घातलं.
'साकु,' भरमाण्णा तिला म्हणाला.
पुरे.
त्या डावखुऱ्यानंही एका दुपारी
हाच शब्द कुठल्यातरी भाषेत
छिन्नी खाली ठेवता ठेवता म्हटला असेल,
आणि जेवायला गेला असेल.

भाच्याला पत्र लिहायला घेतलंय :
तुझ्या जनावराच्या माणसाचं नाव कुणाला माहीत नसेल,
पण तो डावखुरा होता,
हे खानापुरात कळलं.

पुढे अर्धं पान कोरं आहे.
पेनात शाई आहे.
मी आठ-दहा दिवस
त्याच्याभोवती फिरते आहे.